घरगुती कारणास्तव

"कारण लिव्हा काका. ह्यो रकाना मोकळा ठेवता येत न्हाई."

सिद्धोधनने रजिस्टर किशनरावांपुढे सरकवलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. नाव, वय, पत्ता, आल्याची वेळ हे सगळं किशनरावांनी आपल्या गोल, सुवाच्य अक्षरात भरलं होतं. 'थांबण्याचे कारण' इथे मात्र पेन अडलं होतं.

"कारण नसलं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"नसलं तर बसता येत न्हाई." सिद्धोधनने मानेनेच मागची नवी पाटी दाखवली. चाळिशीचा सडसडीत माणूस; पहारेकऱ्याचा निळा गणवेश त्याला आठवड्यापूर्वीच मिळाला होता आणि तो अजून खांद्यावर बसला नव्हता. पाटीवर लिहिलं होतं, 'बसस्थानक परिसरात विनाकारण थांबणाऱ्या, बसणाऱ्या व फिरणाऱ्या व्यक्तींवर कारवाई करण्यात येईल.' खाली नगरपरिषदेच्या ठरावाचा क्रमांक. स्टँडवर दोन-तीन मोबाईल चोरीला गेले होते, कॉलेजच्या पोरांची एक मारामारीही झाली होती. त्यावर हा उपाय निघाला होता. अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबणाऱ्याने नोंद करायची आणि दर पंधरा दिवसांनी रजिस्टर पोलीस ठाण्यात जायचं.

"आवो किशनराव, लिव्हा की 'उगंच'," मागून आदिनाथअप्पा म्हणाले. सेलूच्या जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यापाशी त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि त्या गोंगाटात ते जे मोठ्याने बोलायला शिकले, ते तसेच राहिले होते. "खरं तेच लिव्हायचं."

"उगंच म्हंजीच विनाकारण झालं की अप्पा," सिद्धोधन म्हणाला. "त्यालाच तर बंदी हाय."

"मग पाहुणे येणार म्हनून लिव्हा."

"कुठले पाहुणे?" किशनराव दचकले.

"लिव्हायला सांगायलो तुमाला, चहा ठेवायला न्हाई."

ओट्यावरचे दोघं-तिघं हसले. किशनरावांचे कान तापले. तोंडाने एखादी थाप त्यांनी आयुष्यात मारली असेलही, पण कागदावर खोटं उतरवायला त्यांचा हात कधी धजला नव्हता. आता मागे माणसं खोळंबली होती आणि सगळी आपल्याकडेच बघतायत असं त्यांना वाटत होतं. अशा वेळी डोकं बंद पडतं आणि हात जुनी वाट धरतो. त्यांनी लिहिलं, 'घरगुती कारणास्तव'.

सिद्धोधनने ते मोठ्याने वाचलं. "हां. आता कसं. कारण हाय."

अप्पांनी पेन हिसकून घेतलं, आपलं नाव टाकलं आणि कारणाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहून झोकात सही ठोकली. त्यांच्या मागच्यांनीही तेच केलं. मग सगळे पाच नंबरच्या फलाटाशेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर जाऊन बसले, रोज बसायचे तसे.

किशनरावांनी एकतीस वर्षं पंचायत समितीच्या शिक्षण विभागात काढली होती. गुरुजींचे रजेचे अर्ज तपासून साहेबांपुढे ठेवायचे, हे त्यांचं मुख्य काम. दहा अर्ज आले तर आठांवर 'घरगुती कारणास्तव' असायचं. नवीन असताना त्यांना हे शब्द फार कोरडे वाटायचे. मग एकदा येलदरीकडच्या एका मास्तरांचा अर्ज आला. त्यात सरळ लिहिलेलं होतं, 'माझी पत्नी रुसून माहेरी गेली असून तिला समजावून आणण्यासाठी तीन दिवस रजा मिळावी.' कचेरीत तो अर्ज हातोहात फिरला असता. किशनरावांनी तो गुपचूप फायलीखाली सारला, मास्तरांना व्हरांड्यात नेलं आणि कोरा कागद पुढे करून म्हणाले, "गुरुजी, एवढंच लिहा. घरगुती कारणास्तव. पुढचं कुणी विचारत नाही." मास्तरांचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून किशनरावांना या दोन शब्दांबद्दल माया वाटू लागली. माणसाचं घर त्यांच्या मागे झाकलेलं राहतं, असं त्यांच्या मनात आलं होतं. अर्थात हा विचार त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. बोलण्यासारखा आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

कमलबाईंना मात्र सांगितला होता. याच ओट्यावर.

लग्न झालं तेव्हा घरात दोन खोल्या आणि आठ माणसं. आई-वडील, दोन भाऊ, दोन बहिणी. मोठ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती आणि मोठे नाहीत असा घरात एकही कोपरा नव्हता. लग्नानंतर चार महिने होऊन गेले तरी बायकोचा आवाज कसा आहे, हे किशनरावांना नीट माहीत नव्हतं. माजघरातून येणारं 'आले आत्याबाई' एवढंच कानावर पडायचं.

मग एका रविवारी आईने दोघांना बाजारात पाठवलं. बाजार लवकर उरकला. परतताना स्टँड लागला आणि कमलबाई म्हणाल्या, "जरा टेकावं का? पाय दुखायलेत." पाय काही दुखत नव्हते. ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या रविवारपासून ते ठरूनच गेलं. नवरा-बायको जोडीने उघड्यावर बसलेली दिसली तर गाव बोट दाखवणार, पण स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यांना कोण काय म्हणतं! कमलबाईंचं माहेर पिंगळीचं. म्हणून ती दोघं पिंगळीच्या गाडीची वाट बघत बसायची. कापडी पिशवीत कमलबाई एक जुनं लुगडं कोंबून आणायच्या, म्हणजे ती भरल्यासारखी दिसे. घरी ती बाजाराची पिशवी होती, स्टँडवर प्रवासाची. गाडी यायची, माणसं चढायची, गाडी जायची. ही दोघं तिथेच. मग भाजी घेऊन घरी.

कमलबाई बोलायच्या. पिंगळीच्या विहिरीबद्दल, आगगाडी गेली की घरातली भांडी कशी थरथरायची त्याबद्दल, सासूच्या पायाला कुठलं तेल चांगलं त्याबद्दल. किशनराव ऐकायचे. कधी वाचनालयातलं पुस्तक आणायचे आणि हलक्या आवाजात वाचून दाखवायचे. एखाद्या हळव्या ठिकाणी ते ओळीवर बोट ठेवून थांबायचे, तेव्हा कमलबाई म्हणायच्या, "वाचा की पुढं. गाडी सुटायली का आपली?"

त्या वेळी सिताराम नावाचे एक कंट्रोलर होते. लाल पगडीचे, पानाने ओठ रंगलेले. चार-पाच रविवार त्यांनी हे पाहिलं. मग एकदा पिंगळीची गाडी लागली तेव्हा भोंग्यातून त्यांचा आवाज आला, "पिंगळीला जाणाऱ्या प्रवाशांनी बसून घ्यावं. न जाणाऱ्यांनी निवांत बसून राहावं, घाई न्हाई." कमलबाईंनी पदरात तोंड लपवलं आणि इतक्या हसल्या की पिशवी मांडीवरून पडली आणि लुगडं बाहेर आलं. किशनरावांनी बायकोचं हसणं पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी.

मुलाची, बालाजीच्या वेळची, बातमीही कमलबाईंनी इथेच सांगितली. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि किशनराव उठून थेट गाडीच्या दाराकडे चालायला लागले. "आवो, कुटं निघालाव?" मागून कमलबाई म्हणाल्या. "त्येला अजून सात महिने हायेत."

पुढे भाऊ वेगळे झाले, बहिणी सासरी गेल्या, घर वाढलं, वरचा मजला झाला. घरात जागा झाली, पण बोलायची सवय ओट्याची होती. घरी दोघं गॅस संपल्याचं आणि औषधांचं बोलत. बाकीचं राखून ठेवत. चार वर्षांपूर्वी कमलबाई गेल्या. घरात त्यांचा फोटो आहे, हार आहे, त्यांनी लावलेली तुळस आहे. पण किशनरावांनी डोळे मिटून कितीही वाट पाहिली तरी घरात त्यांचा आवाज येत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलं, गाड्यांची घरघर सुरू झाली, शेजारी अप्पांचं मोठ्याने बोलणं चाललं, की मध्येच कधीतरी येतो.

म्हणून ते रोज जात. आता रोज रजिस्टर भरून जात. रोज तेच दोन शब्द, आणि खाली अप्पांचं 'वरीलप्रमाणे'.

सोळा तारखेला संध्याकाळी चारच्या सुमारास घरापुढे पोलिसांची मोटारसायकल थांबली.

बालाजीकडे त्याच्या शाळेतले दोन शिक्षक आले होते. बालाजी मुख्याध्यापक होता. गावात त्याला मान होता आणि तो मान तो इस्त्रीच्या शर्टासारखा जपायचा. हवालदार दारातच उभा राहिला. गल्लीतल्या दोन गच्च्यांवर लगेच डोकी दिसायला लागली.

"किशनराव हितंच राहतेत का? घरात काही तकलीफ हाय का त्यांना?"

"कसली तकलीफ?" बालाजी म्हणाला.

हवालदाराने रजिस्टर उघडलं. "नवीन साहेबांनी बघितलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस रोज संध्याकाळी दोन-दोन तास स्टँडवर बसायलाय आणि कारण लिव्हायलाय घरगुती. एक दिवस न्हाई, चौदा दिवस. मधी एक दिवस तेवढा न्हाई, बाकी हाय. साहेब म्हनले, म्हाताऱ्या मानसाला घरातून बाहीर काढत असतील, चौकशी करा. त्यांच्या पाठोपाठ आणखी तिघांनी तेच लिव्हलंय. साहेबाला वाटलं गावात साथच आलीय."

शिक्षकांपैकी एकाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात दडवलं. दोघंही उठले. "निघतो सर," म्हणाले आणि चपला शोधायला लागले. बालाजीचा चेहरा उतरला.

"आण्णा, हे काय लिव्हलंव तुमी?"

"आरं, ते आपलं... लिहायची पद्धत आहे," किशनराव म्हणाले. "अर्जावर लिहितात तसं."

"अर्जावर! घरात काय कमी हाय तुमाला? वरची खोली तुमची. टीव्ही तुमचा. कोन बोललं का तुमाला काही?"

सून अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. सासऱ्याला ती मामा म्हणायची. हातातली पळी तशीच धरून ती म्हणाली, "मामा, मी रोज चार वाजता चहा देते. तुमी म्हनता, आलोच फिरून. मला वाटायचं फिरायला जातेत. माझं काई चुकलं असंल तर मला सांगायचं. असं गावभर लिव्हून कामून ठेवायचं?"

"नाही गं. तुझं काही नाही." किशनराव म्हणाले. चुकलं असलं तर आपलंच, हे त्यांना नेहमीच आधी वाटत आलं होतं. या वेळी ते खरंही होतं.

हवालदार बिचारा ओशाळला होता. तो म्हणाला, "बगा, मला कागद पुरा करायचाय. बाबांनी लेखी खुलासा द्यावा. घरगुती कारण हाय म्हनलं तर मला सुनबाईंचा आणि सरांचा जबाब घ्यावा लागंल. न्हाई म्हनलं तर विषय मिटला."

"मग बसता येईल?" किशनरावांनी विचारलं.

हवालदाराने डोकं खाजवलं. "कारण न्हाई म्हनल्यावर कसं येईल? दुसरं काही असंल तर ते लिव्हा. डॉक्टरनं सांगितलं, पाहुणे येणार, काहीबी. पण खरं असावं. उद्या परत चौकशी आली तर माझ्यावर येतंय."

बालाजी वडिलांकडे बघत होता. त्या नजरेत राग कमी होता. खरंच आपल्याला दुखावण्यासाठी यांनी हे लिहिलं का, असं तो विचारत होता.

"उद्या सकाळी आणून देतो खुलासा," किशनराव म्हणाले.

वरच्या खोलीत ते कागद घेऊन बसले. एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांचे कितीतरी खुलासे वाचले होते, काही स्वतः लिहूनही दिले होते. कच्चा मसुदा त्यांनी खरा लिहायला घेतला. 'सविनय सादर की, सदर ठिकाणी मी व माझी पत्नी कै. कमलबाई दर रविवारी पिंगळीच्या गाडीची वाट पाहण्याच्या निमित्ताने...' इथपर्यंत लिहून ते थांबले. हा कागद हवालदार वाचणार, साहेब वाचणार. त्याला आवक क्रमांक पडणार. ठाण्यातला कुणीतरी चहा पिताना दुसऱ्याला वाचून दाखवणार. आणि बालाजी वाचणार. बाप कधी त्याच्याशी असलं काही बोलला नव्हता. ते तो पहिल्यांदा वाचणार, तेही पोलिसांना दिलेल्या कागदावर. त्याच्या जन्माची बातमीसुद्धा त्यात आली असती.

त्यांना येलदरीकडचे ते मास्तर आठवले. त्यांना आपण व्हरांड्यात नेलं होतं. आपल्याला कोण नेणार?

किशनरावांनी कच्चा कागद बारीक फाडला आणि पक्का लिहिला.

'माझ्या नावापुढे नोंदवलेले घरगुती कारण हे केवळ लेखनाच्या सवयीने नोंदवले गेले आहे. मला कोणतीही घरगुती अडचण नाही. माझा मुलगा व सून माझी उत्तम काळजी घेतात. मी सदर ठिकाणी विनाकारण बसत होतो. यापुढे बसणार नाही.'

'विनाकारण' या शब्दापाशी त्यांनी पेन उचललं. एवढ्या वर्षांचे रविवार त्या एका शब्दात बसवायचे होते. मग त्यांनी खाली सही केली, तारीख घातली.

बालाजीने कागद वाचला. "बास," तो म्हणाला. मग कागदाची घडी घालून म्हणाला, "आण्णा, आपण अंगणात तुमच्यासाठी सिमेंटचा बाक करून घेऊ. सावलीला. तुमी आणि अप्पा बसत जा."

"बरं," किशनराव म्हणाले. पोराने मनापासून म्हटलं होतं. त्याला नाही म्हणणं बरं नव्हतं.

सकाळी ठाण्यात खुलासा दिला आणि त्याची प्रत घेऊन ते स्टँडवर गेले. रजिस्टर रात्रीच परत आलं होतं. सिद्धोधनने खुलासा वाचला, दोनदा वाचला, आणि आतल्या खोलीतून खुर्ची आणली.

"काका, हवालदारानं सांगितलंय, जुन्या नोंदी तुमच्या हातानं खोडून घ्यायच्या. बसा."

"नको. बसायला बंदी आहे."

"आवो, खुर्चीवर न्हाई बंदी."

"असू दे. उभ्यानं होईल."

अप्पा सकाळीच आले होते. गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. ते रजिस्टरवर वाकले. "किशनराव, तुमचं खोडलं तर माझ्या 'वरीलप्रमाणे'चं काय? माझंबी घरगुती गेलं का?"

"तुमाला वेगळा खुलासा द्यावा लागंल अप्पा," सिद्धोधन म्हणाला.

"मी देतो की! लिव्हतो, बायको घरात बसू देत न्हाई. जा, घ्या तिचा जबाब. हिंमत असंल तर जा." ते मोठ्याने हसले, पण एकटेच हसले म्हणून मध्येच थांबले. किशनरावांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि मग तो कशाला ठेवला हे न कळल्यासारखा काढून घेतला.

किशनरावांनी खिशातून पेन काढलं. सिद्धोधनच्या टेबलावर एक लाकडी पट्टी होती, ती मागून घेतली. पहिल्या पानावर पहिली नोंद. पट्टी लावून त्यांनी 'घरगुती कारणास्तव' या शब्दांवरून एक बारीक, सरळ रेघ ओढली आणि समासात छोटी सही केली. मग दुसरी. मग तिसरी. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. प्रत्येक रेघेनंतर ते पट्टी उचलून पेनाची शाई कुठे पसरली नाही ना, हे बघत होते.

सहा-सात झाल्यावर सिद्धोधनला राहवलं नाही. "काका, एवढं कामून जपायलाव? घसाघसा गिरगटा की. दिसलंच न्हाई पाहिजे काही."

"नाही," किशनराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा निघाला. "कचेरीचा नियम आहे. खोडायचं ते एकाच रेघेनं. खालचं वाचता आलं पाहिजे."

आणि त्यांनी पट्टी पुढच्या ओळीवर ठेवली.